गाडी वर आली, कंबर धरली

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ओपीडीत आमच्या कॉलनीतले निवृत्त कर्नलसाहेब आले. वय ६८. रणगाडा दलात उभी नोकरी झालेली, ताठ चालणारे, सकाळी फिरताना मला मागे टाकणारे. त्या दिवशी मात्र दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवून, एक बाजू सावरत खुर्चीत बसले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही डॉक्टर, गाडीच्या स्प्रिंगा बदलल्या."

मला वाटलं, स्वतः गाडीखाली शिरून काहीतरी उचललं असणार. तसं नव्हतं. काम गॅरेजमध्ये झालं होतं. साहेबांनी फक्त गाडी चालवली होती.

गाडी म्हणजे त्यांच्या सासऱ्यांकडून आलेली १९६७ची एमजीबी, उघड्या टपाची, दोन माणसांची. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती आणि पाच लाखांवर गाड्या तिथून बाहेर पडल्या. आपल्याकडे मोजक्याच आल्या. साहेबांची गाडी अनेक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. अलीकडे तिचं इंजिन सुरू झालं, रंग झाला, पण ती पुढून दबलेली दिसायची. मडगार्डची कड चाकावर उतरल्यासारखी. गॅरेजच्या भाषेत स्प्रिंगा 'बसल्या' होत्या. साहेबांनी विलायतेहून पुढच्या दोन स्प्रिंगा मागवल्या आणि बसवल्या. गाडी पुन्हा ऐटीत उभी राहिली. त्यानंतर सहा आठवड्यांत त्यांची कंबर धरली. राहुरीपर्यंत जाऊन आलं की दुसऱ्या दिवशी उठवत नसे.

मी आधी माझं काम केलं. पायात कळ जाते का, मुंग्या येतात का, लघवी-शौचाच्या वेळी काही फरक जाणवतो का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का, ताप, वजनात घट, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं? यातलं एक जरी 'हो' असतं, तर पुढची गोष्ट गाडीची राहिली नसती. सगळी उत्तरं 'नाही' आली. एक्स-रेमध्ये वयाला साजेशी झीज होती, मणका दबलेला नव्हता. "म्हणजे गॅप नाही ना?" साहेबांनी विचारलं. 'मणक्यात गॅप' हा आपल्याकडचा सगळ्यात लोकप्रिय आजार, आणि त्याचं नावच उलटं पडलेलं आहे. दोन मणक्यांमध्ये जागा असायलाच हवी, ती चकतीची जागा. वयानुसार ती कमी होते. दुखणाऱ्या पाठीत गॅप पडलेला नसतो, बहुतेक वेळा तो भरत आलेला असतो.

तपासणी संपल्यावर साहेबांनी मोबाइलमधला एक फोटो दाखवला. त्यात गॅरेजच्या फरशीवर जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी उभ्या होत्या, आणि नवी स्प्रिंग जुनीपेक्षा आखूड होती. "दुकानदाराशी पत्रापत्री करून भांडणारच होतो," ते म्हणाले. "बसलेल्या स्प्रिंगेपेक्षा नवी आखूड कशी? पण बसवली तर गाडी बरोबर वर आली. आता भांडू कशासाठी?"

हे कोडं माझ्या डोक्यातून जाईना. आखूड स्प्रिंग गाडी उंच कशी करते? मी काही गाड्यांचा जाणकार नाही. पण उत्तर सापडल्यावर लक्षात आलं की त्यातच साहेबांच्या कंबरेचंही उत्तर आहे.

स्प्रिंगेचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८मध्ये प्रसिद्ध केला. जितका भार, तितकी दबण. एक इंच दाबायला किती भार लागतो, तो स्प्रिंगेचा कडकपणा. फरशीवर उभी असताना दिसते ती मोकळी लांबी. गाडीखाली गेल्यावर ती किती उरेल, हे दोन्हींवर ठरतं. एमजीबीच्या उघड्या गाडीची मूळ पुढची स्प्रिंग मोकळी असताना सुमारे ९.९ इंच असते आणि तिला एक इंच दाबायला ३५० पौंडांच्या आसपास भार लागतो. याच गाडीची बंद टपाची, मागे काचेचं दार असलेली 'जीटी' नावाची जड भावंडं होती. त्यांची स्प्रिंग मोकळी सुमारे ९.१ इंच, पण एक इंच दाबायला ४८० पौंड. दोन्हींवर साधारण १०००-१०३० पौंडांचा भार ठेवला की पहिली जवळजवळ तीन इंच दबते, दुसरी दोनच्या थोडी वर. दोन्ही येऊन थांबतात सात इंचांपाशी. म्हणजे उंची तीच, कडकपणा सदतीस-अडतीस टक्क्यांनी जास्त. साहेबांनी 'जीटी' हे नाव भारदस्त वाटलं म्हणून तीच मागवली होती. डोळ्यांना दिसणारी गोष्ट दुरुस्त झाली आणि न दिसणारी बदलली.

जुन्या स्प्रिंगेचं काय झालं होतं, हेही पाहण्यासारखं आहे. आपण म्हणतो, "स्प्रिंग मऊ पडली." ती मऊ पडत नाही. पोलादाचा लवचीकपणा पन्नास वर्षांतही तोच राहतो. होतं असं की सततच्या भाराखाली तार किंचित कायमची वळते आणि मोकळी लांबी घटते. एक इंच दाबायला पूर्वी जेवढा भार लागायचा तेवढाच आजही लागतो, सुरुवात मात्र खालून होते. एमजीबीत स्प्रिंग चाकापाशी नसते, आतल्या बाजूला आडव्या दांड्याच्या मधोमध बसते. त्यामुळे स्प्रिंग अर्धा इंच बसली की चाकापाशी गाडी जवळपास इंचभर खाली येते. म्हणून गाडी दबलेली दिसली तरी कडक स्प्रिंग हा त्यावरचा उपाय नाही. हवी असते मूळ कडकपणाची आणि मूळ लांबीची स्प्रिंग.

स्प्रिंगेची तार वाकते असं वाटतं, पण खरं तर ती पिळली जाते. आपल्या नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये गेलात तर हे समजायला सोपं जाईल. १९९४मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात सेंचुरियन आहे, विजयंता आहे, पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटनही आहे. सेंचुरियनची चाकं गुंडाळलेल्या स्प्रिंगांवर तोललेली आहेत, तर पॅटन आणि विजयंता यांच्या पोटात आडवे पोलादी दांडे आहेत, चाक वर उचललं गेलं की ते पिळले जातात. हाच दांडा गुंडाळला की स्प्रिंग झाली. मुलांना घेऊन जा. रणगाड्याच्या तोफेपेक्षा त्याच्या चाकांखाली वाकून पाहणारी मुलं मला जास्त आवडतात.

तार पिळली जात असल्यामुळे तिच्या जाडीला फार महत्त्व येतं. कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो. १३ मिलिमीटरच्या तारेऐवजी १४ मिलिमीटरची घेतली तर डोळ्यांना फरक कळणार नाही, पण कडकपणा तब्बल एक-तृतीयांशाने वाढतो. आम्हा डॉक्टरांना हा चौथा घात ओळखीचा आहे. रक्तवाहिनीची त्रिज्या निम्मी झाली की, दाब तोच असेल तर, प्रवाह सोळाव्या भागावर येतो. 'जरासा' हा शब्द दोन्हीकडे फसवतो. वेढ्यांचंही तसंच. काम करणारे आठ वेढे असतील आणि एक कापला, तर गाडी खाली येतेच, शिवाय स्प्रिंग चौदा टक्क्यांनी कडक होते. गाडी खाली दिसावी म्हणून गॅसकटरने स्प्रिंगा कापणारे तरुण मी रस्त्यावर पाहतो. त्या ज्योतीने तारेचं पाणीही उतरतं, ते वेगळंच.

आता कंबरेकडे येऊ. स्प्रिंगेवर तोललेली गाडी ठरावीक लयीत वरखाली डुलते. साध्या प्रवासी गाडीत ही लय सेकंदाला एक ते दीड वेळा असते. चालताना आपलं धड सेकंदाला साधारण दोनदा वरखाली होतं, त्यामुळे याच्या आसपासची संथ लय शरीराला परकी वाटत नाही. ती फार संथ झाली, दोन-चार सेकंदांत एकदा, तर बोट लागते. ती वाढत सेकंदाला चार ते सहाच्या पट्ट्यात गेली, की बसलेल्या माणसाचं धड त्या हादऱ्यांना साथ देऊ लागतं. बाकावर झोका देण्याची वेळ नेमकी जुळली की झोका उंच जातो, तसं. पोटातले अवयव, खांदे, कण्याचा खालचा भाग, सगळेच आसनापेक्षा जास्त हलतात. शरीराला बसणाऱ्या कंपनांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकातही चार ते आठ हा पट्टा उभ्या हादऱ्यांसाठी सर्वांत त्रासदायक धरला आहे. आपल्या जिल्ह्यात उसाच्या हंगामात दिवसरात्र ट्रॅक्टर चालवणारी मुलं तिशीतच कंबर धरून ओपीडीत येतात, त्यामागे हेही एक कारण आहे. बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागच्या आसाला स्प्रिंगच नसते. असतो तो टायर आणि सीटखालची जेमतेम स्प्रिंग, आणि टायरची लय या नकोशा पट्ट्याच्या जवळपास जाते.

कडकपणा अडतीस टक्के वाढला म्हणून लय अडतीस टक्के वाढत नाही, वर्गमुळाच्या हिशेबाने सतरा टक्क्यांच्या आसपास वाढते. एवढ्याने साहेबांची एमजीबी ट्रॅक्टर झाली नव्हती. मग बिघडलं कुठे? दोन ठिकाणी, असं माझं मत आहे.

पहिलं म्हणजे पुढचं आणि मागचं नातं तुटलं. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्या चाकाला क्षणभराने. मॉरिस ऑली नावाचे एक अभियंते रोल्स-रॉइसमधून १९३०च्या सुमारास अमेरिकेत कॅडिलॅककडे गेले. गाडीवर वजनं सरकवून त्यांनी बरेच प्रयोग केले. त्यातून निघालेला नियम असा, की पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडी संथ डुलायला हवी. उशिरा निघालेली मागची बाजू मग जलद डुलून पुढचीला गाठते आणि गाडी सपाट राहते. पुढच्या स्प्रिंगा एकट्याच कडक केल्या की हे उलटतं आणि गाडी नाक खालीवर करत चालते. साहेबांचा शब्द होता, "घोड्यासारखी." दुसरं म्हणजे शॉकअप. स्प्रिंग हादरा साठवते, शॉकअप तो जिरवतो. कडक स्प्रिंगेला शॉकअपही जोरकस लागतो. साहेबांचे शॉकअप १९६७चेच होते आणि त्यांतलं तेल गळून गेलेलं होतं.

यावर कुणी म्हणेल, मग जुन्या बसलेल्या स्प्रिंगाच ठेवायच्या होत्या. तेही पाठीच्या हिताचं नाही. स्प्रिंग पूर्ण दबू नये म्हणून वर एक रबरी ठोकळा असतो. गाडी बसली की चाक आणि ठोकळा यांतलं अंतर घटतं, आणि एरवी स्प्रिंगेत जिरला असता तो खड्डा थेट ठोकळ्यावर आदळतो. सततच्या हलक्या थरथरीपेक्षा असा एकच दणका मणक्याला जास्त धोक्याचा. हाडं ठिसूळ झालेल्या वयात तर फार. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेली साठीपुढची बाई, गतिरोधक न दिसल्याने आदळलेली गाडी, आणि त्या क्षणापासून पाठीच्या मध्याखाली असह्य दुखणं, ही कहाणी आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो. एक्स-रेत पाठ आणि कंबर जिथे जुळते तिथला मणका पाचरीसारखा दबलेला असतो. शेवटचं बाक मागच्या आसाच्याही मागे असतं, तिथे माणूस उचलला जातो आणि खाली येतो. घरातल्या वयस्कर माणसांना दोन्ही चाकांच्या मधल्या बाकावर बसवा, आणि दणक्यानंतर पाठ दुखू लागली तर 'लचक भरली' म्हणून चोळत बसू नका, एक्स-रे काढा.

मोटारसायकलवाल्यांनीही इथे थांबावं. अनेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपवर खाचांची एक चकती असते. ती फिरवली की शॉकअप 'हार्ड' होतो, अशी सर्वत्र समजूत आहे. साध्या स्प्रिंगेचा कडकपणा त्याने बदलत नाही. स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते, त्यामुळे गाडीची मागची बाजू वर येते आणि दबायला जागा मिळते. मागे माणूस आणि पोतं असताना चकती पुढच्या खाचेवर न्यावी ती यासाठी. एकटे असताना पुन्हा मागे आणावी. हे काम एका पान्याचं आहे, पण गाडी घेतल्यापासून ती चकती न फिरवलेले लोकच जास्त.

पुढच्या रविवारी मी साहेबांबरोबर गॅरेजमध्ये गेलो. हे गॅरेज म्हणजे हमरस्त्याकडेचं कमानपाट्यांचं दुकान, जिथे ट्रकचे पाटे घणाने ठोकून पुन्हा कमानीत आणतात. तिथले चाचा चाळीस वर्षं हेच करताहेत. साहेबांच्या गाडीला मागे पाटेच असल्यामुळे तिथली ओळख. चाचांनी आधी आम्हा दोघांना गप्प केलं आणि गाडीत हवा भरायला लावली. मग गाडी सपाट फरशीवर घेतली, चारही कोपरे दाबून सोडले, दोन हात पुढेमागे ढकलली. "जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजायची नाही, डॉक्टरसाहेब. ती अवघडलेली असते." माप त्यांनी जमिनीपासून घेतलं नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घेतलं, म्हणजे टायर कोणता आणि हवा किती याचा गोंधळ होत नाही. चारही चाकांची मापं खडूने फरशीवर लिहिली.

मला हे फार ओळखीचं वाटलं. एक पाय आखूड असलेला माणूस कंबर दुखते म्हणून येतो आणि आम्ही कंबरेचेच फोटो काढत बसतो. गाडीतही पुढचा उजवा कोपरा खाली दिसला, तर दोष मागच्या डाव्या पाट्यात असू शकतो. साहेबांच्या गाडीत उजवीकडचा मागचा पाटा डाव्यापेक्षा चपटा झाला होताच. साठ वर्षं चालक त्याच बाजूला बसलेला. शिवाय दांड्यांचे रबरी बुश गाडी जॅकवर लटकत असताना आवळले होते. असे आवळलेले बुश गाडी खाली घेतल्यावर पिळलेले राहतात, गाडीला खोटी उंची देतात आणि लवकर फाटतात. ते गाडी चाकांवर उभी करूनच आवळायचे. चाचांनी हे सांगितलं तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कारण आवळण्याचा हुकूम त्यांचाच होता.

मूळ उंची कोणती, हाही प्रश्न होता. साहेबांनी ज्या फोटोवरून माप ठरवलं होतं, ती गाडी काळ्या रबरी बंपरची निघाली. अमेरिकेतल्या बंपरच्या उंचीच्या नियमांसाठी १९७४पासून एमजीबी इंचभर उंच करण्यात आली होती. साहेबांची १९६७ची, क्रोमच्या बंपरची. म्हणजे ते स्वतःच्या गाडीला दुसऱ्याच गाडीच्या उंचीवर नेऊ पाहत होते.

नव्या मागणीत या वेळी साहेबांनी दुकानदाराला चार गोष्टी लिहून विचारल्या. उघड्या टपाच्या गाडीची आहे का, मोकळी लांबी किती, एक इंचाला किती पौंड, आणि सात इंचांवर भार किती. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण पहिले दोन त्याच्याशी जुळले नाहीत तर कुठेतरी चूक आहे. शॉकअप दुरुस्तीला गेले. मागचे दोन्ही पाटे चाचांनी जोडीने थंडच ठोकून सारख्या कमानीत आणले. भट्टीत लाल करून नाही, तसं केलं की पोलादाचं पाणी जातं, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

दरम्यान साहेबांनी दीड महिना गाडी बंद ठेवली आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पाठीचे व्यायाम केले. दुखणं बरंच उतरलं. ते व्यायामाने उतरलं, विश्रांतीने की गाडी बंद राहिल्याने, ते मी सांगू शकत नाही. पाठदुखीचे बहुतेक झटके दीड-दोन महिन्यांत आपोआपही ओसरतात. आणखी एक सूचना मी केली. लांब जायचं असेल तर अंथरुणातून उठल्या उठल्या गाडीत बसू नका. रात्रभर आडवं राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. दिवसभरात आपण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने खुजे होतो, आणि त्यातली बरीच घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच होते. तो तास चालण्यात घालवा.

स्प्रिंगा आल्या, बसल्या. दोन आठवडे गाडी हळूहळू चालवायची आणि मग पुन्हा मोजायची असं ठरलं, कारण नवी स्प्रिंगही सुरुवातीला किंचित बसते. त्या मोजणीच्या आदल्या दिवशी साहेब ओपीडीत आले. चाचांनी सांगितलं होतं, अंतिम माप चालक बसलेला असताना घ्यायचं, आणि साहेबांना स्वतः वाकून माप पाहायचं असेल तर त्यांच्या वजनाइतकी वाळूची पोती सीटवर ठेवायची. गेली सहा वर्षं मी साहेबांना वजनकाट्यावर उभं राहायला सांगत होतो आणि ते विषय बदलत होते. त्या दिवशी स्वतःहून बूट काढून उभे राहिले.

"किती?"

"एकोणनव्वद."

त्यांनी तळहातावर पेनने आकडा लिहिला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "पण गाडी मी बूट घालून चालवतो." बूट चढवून पुन्हा काट्यावर उभे राहिले.